चटई की ताटी

श्रीधरराव पांढरीपांडे यांनी जन्मात कधी योगासन केलं नव्हतं आणि पुढेही करण्याचा त्यांचा विचार नव्हता. तरीसुद्धा नागपूरच्या महाल भागातल्या निम्म्या कूलरांना त्यांच्यामुळे योग घडला. हे कसं झालं ते सांगायचं तर उत्तराबाईंच्या जांभळ्या चटईपासून सुरुवात करावी लागेल.

उत्तराबाई म्हणजे श्रीधररावांच्या सौभाग्यवती. घरामागच्या समाजभवनात त्या रोज सकाळी बायकांचा योगवर्ग घेत. महालात त्यांचं एवढं नाव झालं होतं की श्रीधररावांना लोक 'उत्तराताईंचे मिस्टर' म्हणून ओळखत. एका सरकारी खात्याच्या भांडारात ज्याने आयुष्य घालवलं, ज्याच्या सहीशिवाय साधा खिळा बाहेर जात नसे, त्या माणसाची निवृत्तीनंतर ही ओळख उरली होती. पण तेही त्यांनी गिळलं होतं. गिळता आली नाही ती चटई.

ती मुलीने, मुग्धाने, पुण्याहून पाठवलेली होती. कसल्याशा फोमची. नवी असताना झकास दिसायची, पण आता तिची सालपटं निघत होती. जांभळे कण उत्तराबाईंच्या तळव्यांना चिकटून घरभर फिरत. एक कण वरणात सापडला आणि श्रीधररावांनी तो आमसूल समजून बराच वेळ चोखला. वर्गात 'निसर्गाशी एकरूप व्हा' असं सांगणारी बाई स्वतः प्लास्टिकवर उभी राहते, हे त्यांना पटेना. त्यांनी जाहीर केलं, "मी तुझ्यासाठी नैसर्गिक चटई करवून घेतो."

"कशाला? आहे ती बरी आहे," उत्तराबाई म्हणाल्या.

खरी ठसठस इथे होती. लग्न झाल्यापासून श्रीधररावांनी बायकोसाठी जे जे आणलं, ते ते तिने वापरलं नाही. पैठणी आणली, ती कपाटात. काचेचा चहाचा सेट आणला, तो शोकेसमध्ये. अमृतसरहून खास शाल आणली, ती डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात. वाईट कधी म्हणाली नाही, तेवढी ती सभ्य होती. पण आपण आणलेली एखादी वस्तू बायको मजेत वापरते आहे, हे दृश्य श्रीधररावांना एकदा, निदान एकदा, डोळ्यांनी बघायचं होतं. माणसाने एवढ्याशा इच्छेपायी केवढी भानगड करून ठेवावी याला काही मर्यादा असते, असं आपल्याला वाटतं. श्रीधररावांना तसं वाटलं नाही.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या मार्तंडरावांनी दिला. मार्तंडराव बँकेतून निवृत्त झाले होते, सल्ला देण्यातून नव्हते. ते म्हणाले, "दर्भाची करा. ऋषिमुनी कशावर बसायचे? दर्भावर." हे ऐकून त्यांच्या पत्नी वच्छलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि दबक्या आवाजात विचारत्या झाल्या, "भाऊजी, उत्तराची तब्येत बरी आहे नं?" श्राद्धाशिवाय दर्भाचं नाव कोणी घेत नाही अशा घरात त्या वाढल्या होत्या. दर्भ बाद झाला.

मग तणीस, म्हणजे भाताचा पेंढा. कुहीला श्रीधररावांचा एक जुना सहकारी धानाची शेती करत होता. त्याने एसटीच्या टपावरून तणसाचा भारा पाठवला. श्रीधररावांनी स्वतःच्या हातांनी त्याची चटई वळली. वळताना अंगभर खाज सुटली, शिंका आल्या, पण चटई झाली. उन्हात वाळवायला म्हणून आवारात पसरली आणि ते चहा घ्यायला वर गेले. परत आले तेव्हा गल्लीतली गाय चटईचा शेवटचा कोपरा शांतपणे चघळत होती. "संपूर्ण नैसर्गिक होती, हे तर सिद्ध झालं," मार्तंडराव खिडकीतून म्हणाले. श्रीधरराव त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

होळी झाली की नागपुरात माळ्यावरून कूलर उतरवतात. त्याला धुतात, रंगवतात, त्याच्या तिन्ही बाजूंच्या जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवतात, पहिलं पाणी सोडतात आणि त्या पहिल्या वासाला घरातले सगळे डोळे मिटून उभे राहतात. देवघरात तरी इतकी एकाग्रता कुठली? पांढरीपांड्यांकडे हे काम शालिकराम धकाते करी. तो मूळ उमरेडच्या कोष्ट्यांपैकी. बापाचा माग होता, पण मागावर पोट भरेना म्हणून शालिकराम कूलरच्या धंद्यात शिरला होता आणि त्यात चांगला फुगलाही होता. ओल्या वाळ्याचा वास आला आणि श्रीधररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. सुगंधी, गार, नैसर्गिक. आणि मुख्य म्हणजे गाय खाणार नाही.

"शालिकराम, याची चटई विणता येईल?"

शालिकरामने हातातला पाना खाली ठेवला आणि छाती पुढे काढली. "साहेब, माहा बाप उमरेडले नऊवारी विणे. तुमी चटईचं काय घेऊन बसले? सुताचा ताणा अन् वाळ्याचा बाणा. अशी विणून देतो का उत्तराबाई तिच्यावरून उठणारच नाईत."

त्याचा आत्मविश्वास पाहून श्रीधरराव भारावले. तो माणूस कूलरची मोटर दुरुस्त करतानाही असाच बोलतो आणि मोटर पुन्हा जळते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

ठरल्याप्रमाणे श्रीधरराव गोळीबार चौकात शालिकरामच्या घरी गेले. माग होता. त्याच्यावर कूलरचे पत्रे, पंख्यांची पाती आणि लोणच्याची बरणी ठेवलेली होती. ते सगळं उतरवण्यात दुपार गेली. मग व्यवहाराच्या बोलण्याला शालिकरामची बायको पुष्पलता बसली. बोलायचं शालिकरामने आणि ठरवायचं पुष्पलताने, अशी त्या घरातली विभागणी होती.

"किती चटया पायजे?" पुष्पलताने विचारलं.

"एक."

पुष्पलता हसली. मग नवऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा हसली. "एका चटईसाठी ताणा कोणी लावते का साहेब? ताणा मागावर चढला का पुरा विणा लागते. येक विणून बाकीचं सूत काय मी चुलीत घालू?"

"म्हणजे एकंदर किती होतील?"

"जितक्या होतीन तितक्या होतीन."

भांडारात असं उत्तर देणाऱ्या कारकुनाला श्रीधररावांनी मेमो दिला असता. इथे त्यांनी मान डोलावली. बायकोला एक चटई द्यायची म्हणून ताणाभर चटया घेणारा नवरा इतिहासात झाला नसेल, पण ताणा म्हणजे ताणा. शिवाय उरलेल्या चटया उत्तराच्या वर्गातल्या बायका घेतीलच, असा हिशोब त्यांनी केला. फुकटात समाजसेवा आणि वर नाव.

चटया आल्या त्या मालवाहू ऑटो भरून आल्या. लांब, अरुंद, तपकिरी, दोन्ही काठांना लाल सुताची किनार. खरोखर देखण्या होत्या. श्रीधररावांनी त्यातली सगळ्यात सरस चटई निवडली, झटकली आणि उत्तराबाईंच्या हातात दिली. उत्तराबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. वास घेतला. किनार निरखून पाहिली.

"छान झाली हो," त्या म्हणाल्या. मग आतून जुनी सुती साडी आणली, चटई तिच्यात नीट गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळी चटई काखेत मारून त्या वर्गाला गेल्या. श्रीधररावांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. कोणी विचारलंही नाही, म्हणून मग साडेदहाला त्यांनी तो स्वतःच करून घेतला.

उरलेला माल पॅसेजमध्ये होता. भांडारातल्या माणसाला पडून राहिलेला माल बघवत नाही. एकवीस जूनला योगदिनाचा मोठा कार्यक्रम समाजभवनात होणार होता, उत्तराबाई तिथे व्यासपीठावर प्रात्यक्षिकं करणार होत्या, आणि बाहेर काही स्टॉल लागणार होते. आपण तिथे स्टॉल लावायचा, असं श्रीधररावांनी ठरवलं. लोक चटया उचलतील, वाहवा करतील, आणि उत्तरा व्यासपीठावरून ते बघेल. मग कपाटावरचं गाठोडं आपोआप खाली येईल.

स्टॉलसाठी नोंदणी लागत होती. नोंदणीच्या खिडकीत हर्षित नावाचा मुलगा बसायचा. अत्यंत नम्र. नम्र कारकुनाशी भांडता येत नाही, हा सरकारने लावलेला नवा शोध आहे.

"काका, मी 'योग' टाकून राहिलो तर 'प्रशिक्षण' येऊन राहिलं," हर्षित म्हणाला. "'चटई' टाकलं तर 'प्लास्टिक वस्तू' येते."

"प्लास्टिक मुळीच नाही! नैसर्गिक टाका."

"'नैसर्गिक' टाकलं तर 'आपत्ती' येते, काका."

बऱ्याच वेळाने श्रीधररावांनी हताश होऊन 'वाळा' सुचवला. हर्षितचा चेहरा उजळला. प्रमाणपत्र छापून बाहेर आलं. श्रीधर पांढरीपांडे, व्यवसाय: कूलर व सुटे भाग.

"हे नंतर बदलता येईल?"

"येईल नं काका. बदलायची सोय आली की."

प्रमाणपत्राच्या मागोमाग आग विझवणाऱ्या खात्याचा एक माणूस माल बघायला आला. त्याने एक चटई नाकाशी धरली. "वाळलेलं गवत आहे हे?"

"गवत नाही. गवताची मुळं आहेत."

"जळतात?"

इथे दुसरा कोणी असता तर 'छे' म्हणाला असता. पण श्रीधररावांनी अख्खी नोकरी खरं बोलून काढली होती आणि म्हणूनच त्यांना बढती उशिरा मिळाली होती. ते म्हणाले, "जळतात." त्या माणसाने शेरा मारला की साठा कायम ओला ठेवण्याच्या अटीवर हरकत नाही.

तेव्हापासून श्रीधरराव सकाळ-संध्याकाळ झारीने चटयांना पाणी घालू लागले. निवृत्त माणूस कुंड्यांना पाणी घालतो, हे लोकांना समजतं. चटयांना पाणी घालणारा माणूस पाहून दूधवाला दाराबाहेरूनच दूध ओतू लागला. इमारतभर वाळ्याचा वास सुटला. मार्तंडराव 'सहज' म्हणून वर येत आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून तासभर बसत. जाताना न चुकता विचारत, "याचं पुढे काय करणार आहात?"

अखेर श्रीधररावांनी उत्तराबाईंना गळ घातली. "तू नको वापरू. पण वर्गातल्या बायकांना एक दिवस दे. प्रयोग म्हणून."

"ओल्या आहेत हो त्या."

"तशी अटच आहे."

उत्तराबाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात सकाळीसुद्धा भिंती गरम लागतात. वर्गातल्या बायका ओल्या वाळ्यावर बसल्या आणि एका सुरात 'आहाहा' म्हणाल्या. ताडासनाला त्या कशाबशा उभ्या राहिल्या. भुजंगासनाला पालथ्या झाल्या, पण फणा कोणी काढेना. मग उत्तराबाईंनी शवासन सांगितलं, आणि तिथे वर्ग संपला. कोणी उठलंच नाही. सिंधूताई तर चक्क घोरू लागल्या. त्यांना हलवून जागं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून उठवलं वं? आत्ता तर समाधी लागली होती."

दुसऱ्या दिवशी वर्गाला गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी आणखी झाली. नव्या बायका दारातूनच विचारत, "शवासन सुरू झालं का?" एकीने उशी आणली. दोघींचे नवरे आले आणि 'आम्ही मागे पडून राहतो' म्हणाले. सगळ्यांच्या पांढऱ्या पोशाखांवर पाठीमागे वाळ्याचे तपकिरी पट्टे उमटत, त्यामुळे उत्तराबाईंच्या शिष्या आता भाजीबाजारातही पाठीवरून ओळखू येऊ लागल्या. या सगळ्या निजलेल्या समुदायात उत्तराबाई तेवढ्या आपल्या जांभळ्या चटईवर ताठ उभ्या होत्या.

त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो माझा योगवर्ग आहे, धर्मशाळा नाही. उचला तुमच्या चटया."

'तुमच्या' हा शब्द श्रीधररावांना लागला. ऑटो करून त्यांनी माल परत आणला. परत आलेला माल भांडारात घेताना काय वाटतं, ते भांडारातल्या माणसालाच कळतं.

सिंधूताईंनी मात्र आपली चटई परत दिली नाही. ती त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या मुलाने, आईला काही न विचारता, कूलरला लावली. आता योगायोग बघा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता, बाजारात वाळा संपला होता, जुन्या ताट्यांतून कूलर नुसती गरम फुंकर मारत होते. आणि श्रीधररावांची योगचटई मोठ्या कूलरच्या तिन्ही बाजूंना मोजून शिवलेल्या कुडत्यागत बसली. ना इंच कमी, ना इंच जास्त. श्रीधररावांनी तडक शालिकरामला फोन लावला.

"हाव साहेब, माप कूलरचंच हाय," शालिकराम बिनदिक्कत म्हणाला. "इतकी वर्सं ताट्या बांधून राहिलो, हाताले तेच माप बसलं. पण माणसाले बी होते न थे? होते. मंग?"

फोन ठेवेपर्यंत दारात तीन माणसं उभी होती. "ताट्या इथेच मिळतात का?"

"ताट्या नाहीत," श्रीधरराव गरजले. "या योगचटया आहेत."

"त्याच द्या. कूलरले लावाच्या हायेत."

श्रीधररावांनी दार लावलं. पण दाराबाहेर माणसं वाढतच गेली. कोणी म्हातारी आई सांगे, कोणी तान्हं बाळ. त्या उन्हात नाही म्हणणंही पाप वाटू लागलं. शेवटी त्यांनी तत्त्व आणि भूतदया यांच्यात एक मार्ग काढला. चटई मिळेल, पण आधी तिच्यावर वज्रासनात बसून दाखवायचं. योग करणाऱ्यालाच योगचटई. पुढे तो ती कुठे लावतो हे आपण बघायला जाणार नाही.

मग पांढरीपांड्यांच्या पॅसेजमध्ये जे चाललं ते महालाने पूर्वी पाहिलं नव्हतं. सराफ, शिक्षक, चिवडेवाला, एक ट्रान्सपोर्टवाला तर थेट शहराबाहेरच्या वाडीहून आलेला, सगळे रांगेने गुडघे मोडून बसत होते आणि कण्हत होते. ट्रान्सपोर्टवाल्याला बसता आलं, उठता आलं नाही. त्याला तिघांनी चटईसकट उचलून जिन्यापर्यंत नेलं. पैसे घ्यायचं भान श्रीधररावांना निम्म्या वेळा राहिलं नाही, इतके ते शिस्त पाळण्यात गुंतले होते.

महालभर नाव झालं. आता गल्लीत लोक त्यांना थांबवून हात जोडू लागले. "रात्री झोप लागते हो तुमच्यामुळे," असं म्हणू लागले. कोणीही 'उत्तराताईंचे मिस्टर' म्हणेना. श्रीधररावांनी हे सगळं ऐकलं, मान लववली, घरी आले आणि कपाटावर पाहिलं. गाठोडं होतं तसंच होतं. त्याची गाठसुद्धा कोणी सोडली नव्हती.

मृग लागला, पण ऊन हटेना. माल संपला आणि त्याच दिवशी मार्तंडराव वर आले. इतके दिवस ते फक्त वास घ्यायला आले होते, कारण 'वज्रासन करून ताटी घेणं आपल्याला शोभत नाही' असं त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"श्रीधरराव, वच्छलाला रात्रभर झोप नाही. घामाने नुसती तळमळते. एखादी असेल बघा."

"संपल्या."

"एकही नाही?"

श्रीधररावांची नजर नको तिथे गेली. उत्तराबाई मंगळागौरीच्या तयारीच्या बैठकीला गेल्या होत्या. दीड महिना ती चटई तिथे पडून होती, सगळ्या महालाने डोक्यावर घेतलेली वस्तू, आणि जिच्यासाठी केली तिने साधी उलगडली नव्हती. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते उदार होत. त्यांनी स्टूल घेतलं, गाठोडं काढलं, साडीची घडी करून पुन्हा वर ठेवली आणि चटई मार्तंडरावांच्या हातात दिली.

"पैसे?"

"नकोत. कोणाच्या तरी उपयोगी पडू दे."

त्या संध्याकाळी मार्तंडरावांचा कूलर गार फुंकर मारू लागला. श्रीधररावांनी तो आवाज वरून ऐकला आणि ते जेवता जेवता अर्ध्यावरच उठले. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून त्यांनी गोळी घेतली.

एकवीस जूनची सकाळ झाली. उत्तराबाईंनी नवा पांढरा शुभ्र पोशाख घातला. आरशात पाहिलं, केस घट्ट बांधले, मग स्टूल ओढलं आणि कपाटावर हात घातला. हाताला साडी लागली. नुसती साडी.

"अहो, माझी चटई कुठे आहे?"

"कोपऱ्यात आहे ना. जांभळी."

"ती नाही. तुम्ही केलेली. वाळ्याची."

श्रीधरराव वर्तमानपत्राच्या मागे होते. ते तिथेच राहिले. "ती... तुला ती कशाला?"

"कशाला म्हणजे? आज व्यासपीठावर तीच घेणार आहे मी. सगळ्या गावासमोर ते जांभळं फाटकं घेऊन बसू का?"

"पण तू तर वापरलीच नाहीस!"

"चांगली वस्तू रोज वापरतात का हो?" उत्तराबाई वैतागून म्हणाल्या. "मळली नसती का? आजच्यासाठी ठेवली होती."

वर्तमानपत्र खाली आलं. श्रीधररावांच्या डोळ्यांसमोरून एकाच क्षणात पैठणी गेली, चहाचा सेट गेला आणि शालही गेली. इतक्या वर्षांचा संसार आपण उलटा वाचला, हे समजायला माणसाला एक क्षण पुरतो. पण त्या क्षणात करायचं काय, हे त्यांना समजेना.

"आणतो," ते म्हणाले आणि बनियनवरच जिना उतरले.

मार्तंडरावांचा कूलर तळमजल्यावर, झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर होता आणि जोरात चालू होता. आत दोघं गाढ झोपलेले. उठवलं तर दिलेली वस्तू परत मागावी लागणार, आणि तीही मार्तंडरावांकडे. श्रीधररावांनी ठरवलं की हळूच काढू, आणि दुपारी शालिकरामकडून काहीतरी आणून लावू. त्यांनी मागच्या बाजूच्या तारा सोडल्या. चटई सुटली, पाण्याची नळी निसटली आणि गार पाण्याची धार थेट त्यांच्या बनियनमध्ये शिरली.

ताटी निघालेल्या कूलरमधून गरम हवा आत गेली. मार्तंडरावांना झळ लागली आणि त्यांनी डोळे उघडले. मागची बाजू आता मोकळी होती. पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून दोघांची नजरानजर झाली.

"कोण आहे बे?" मार्तंडराव ओरडले.

"चोर!" वच्छलाबाई त्याहून जोरात ओरडल्या.

"मी आहे. श्रीधर."

"काय करून राहिले तिथे?"

अख्ख्या नोकरीत एकाही लेखापरीक्षकाने श्रीधररावांना असा प्रश्न विचारला नव्हता. इमारतीतले लोक जमले. गल्लीतले लोक जमले. योगदिनाला निघालेल्या सिंधूताई पांढऱ्या कपड्यांत जमल्या. मध्यभागी श्रीधरराव, ओल्या बनियनवर, छातीशी ठिबकणारी चटई धरून उभे. मार्तंडराव काठी घेऊन बाहेर आले होते. "दिलेली वस्तू चोरून न्यायला लागले का आता? मागितली असती तर दिली नसती का?"

"दिली असतीत?"

"नसती," मार्तंडराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मागायला हवी होती."

तेवढ्यात जिन्यावर उत्तराबाई दिसल्या. गर्दीने वाट करून दिली. श्रीधररावांना आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ही त्यांची नाही," ते म्हणाले. "ही उत्तराची आहे. ती वापरत नाही म्हणून रागाने मी देऊन टाकली. तिला आवडली नाही असं वाटलं मला. चूक माझी आहे."

पाणी टपटप गळत राहिलं. उत्तराबाई खाली आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं, मार्तंडरावांच्या उघड्या कूलरकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून चटई घेतली.

"शर्ट घालून या," त्या म्हणाल्या. "उशीर होऊन राहिला."

समाजभवन भरलं होतं. व्यासपीठावर हारतुरे झाले, भाषणं झाली. श्रीधरराव मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी, काठीसकट, मार्तंडराव. स्टॉलवर मांडायला त्यांच्याकडे एकही चटई उरली नव्हती. उत्तराबाईंनी चटई पसरली. ती इतकी ओली होती की व्यासपीठावरून पाण्याचा ओघळ प्रमुख पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला. पाहुण्यांनी पाय वर घेतले. उत्तराबाई पांढऱ्याशुभ्र पोशाखात त्या चटईवर बसल्या, पद्मासन घातलं, पाठ ताठ केली. वाळ्याचा वास पंख्यांबरोबर मागच्या रांगेपर्यंत आला.

पाहुणे वाकून म्हणाले, "सुंदर आहे हो चटई. कुठे मिळते?"

उत्तराबाईंच्या कॉलरला माइक होता. उत्तर द्यायच्या आधीच मागून मार्तंडराव उभे राहिले. "कार्यक्रम झाला की ती परत पाहिजे! माझ्या कूलरची आहे ती!"

सभागृह हसलं. श्रीधररावांनी मान खाली घातली. आता 'असू दे, घेऊन जा' असं उत्तर येणार, याची त्यांनी तयारी केली.

"मिळणार नाही," उत्तराबाईंचा आवाज सगळ्या स्पीकरांमधून आला. "ती माझी आहे. मला माझ्या नवऱ्याने केली आहे. आता सगळ्यांनी डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मार्तंडरावांनीसुद्धा मिटले.

श्रीधररावांनी मिटले नाहीत. त्यांना बघायचं होतं.